तार जमिनीवर टाकली आणि एस मीटर हलेना

नमस्कार.

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर जायला नको. तुम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहता. हौशी रेडिओचा (हॅमचा) व्हीयू३ कॉलसाइन नुकताच हातात आलाय. सकाळी ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) पुण्या-मुंबईची मंडळी गप्पा मारत असतात, तेव्हा तुमच्याकडे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस मीटरवर एस ७ ते एस ८ची खरखर असते. गच्चीवर डायपोल (उंचावर ताणलेली दोन तारांची अँटेना) बांधायला सोसायटी तयार नाही. म्हणून तुम्ही मोहोळकडच्या काळ्या रानात, वस्तीला (शेतातल्या घराला) लागून ५० मीटर तार जमिनीवर अंथरली. रेडिओकडे जाणाऱ्या केबलची आतली तार तिला थेट जोडली आणि बाहेरची जाळी वस्तीच्या अर्थिंगला दिली. एस मीटर एकवर बसून राहिला. ऐकू आलं ते "घरच्यापेक्षा जरा स्वच्छ, पण फार मंद". आता विचारताय, तार जाड घेऊ, लांबी वाढवू, का हा नाद सोडू?

तार आहे तीच ठेवा. लांबी वाढवू नका, उलट कमी करावी लागेल. नाद सोडायचा का, ते महिनाभराने ठरवा. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन गाठी एकत्र बसल्यात: मोजायचं काय, अँटेना म्हणून नक्की कोण काम करतंय, आणि खाली माती कुठली आहे. तिसरी गाठ फारसं कोणी सोडवत नाही, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त फरक तिच्यामुळेच पडतो.

पहिली लवकर सुटते. एस मीटर हा वजनकाटा आहे, पण तो ज्वारी आणि खडे एकत्रच तोलतो. घरी खरखर एस ७ आणि समोरचं स्टेशन एस ८ असेल, तर दोघांत अंतर एका एस पॉइंटचं, म्हणजे ६ डेसिबल. शेतातल्या तारेवर खरखर एस १ आणि तेच स्टेशन एस ३ वर असेल, तर अंतर १२ डेसिबल. काट्यावर माल कमी दिसला, पण पोत्यात खडे त्याहून कमी निघाले. आवाज मंद वाटतो तो व्हॉल्यूम वाढवून भरून काढा. त्यासाठीच ते बटण आहे.

इतका सिग्नल वाया गेला तरी चालतं कसं? कारण साधारण १० मेगाहर्ट्झच्या खाली आकाशातून आणि माणसांच्या यंत्रांतून येणारी खरखर रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते. सिग्नल आणि बाहेरची खरखर दोन्ही सारख्याच पटीत खाली आली, तर त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. मात्र रिसीव्हरच्या तळापर्यंत खाली येऊन चालत नाही. ते तपासायला केबल काढायची आणि लावायची. लावल्यावर रिकाम्या जागेची खरखर स्पष्ट वाढली तर अँटेना पुरेशी आहे. काहीच फरक पडला नाही तर मात्र सिग्नल खरंच कमी पडतोय आणि प्रीअँप (सिग्नल वाढवणारी पेटी) लागेल. १५ मीटर, १० मीटर अशा वरच्या बँडवर हा हिशेब लंगडा पडतो. तिथे जमिनीवरच्या तारेच्या मागे लागू नका.

आता दुसरी गाठ. मी तीसेक वर्षं मोटार रिवाइंडिंग केलं, त्यातल्या बहुतेक यंत्रमागाच्या मोटारी. आयुष्यभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजले, म्हणून या छंदात मला अँटेनापेक्षा ट्रान्सफॉर्मरच जास्त आवडतो हे कबूल करतो. तुमच्या जोडणीत तोच नाही. केबलची जाळी वस्तीच्या अर्थिंगला जोडली, म्हणजे वस्तीतला फ्रिज, मोबाइलचे चार्जर, एलईडी बल्ब आणि स्टार्टर या सगळ्यांची घाण ज्या तारेवर सांडते, तिलाच तुम्ही रिसीव्हरचा एक पाय बांधला. वर ती केबल स्वतःच बाहेरच्या अंगाने अँटेना होते. जमिनीवरच्या तारेचा सिग्नल मुळातच बारीक, त्यामुळे केबलने उचललेला कचरा त्याला सहज गाडून टाकतो. डायपोलवर हीच चूक खपून जाते, इथे खपत नाही.

उपाय असा. तार आणि केबल यांच्यामध्ये दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घाला. दोन्ही बाजूंमध्ये तांब्याचा कुठलाही जोड नको, एकाच वाइंडिंगचा ऑटोट्रान्सफॉर्मर चालणार नाही. मी ७३ नंबरच्या मटेरियलचा दोन भोकांचा छोटा फेराइट कोर वापरतो. एका भोकातून जाऊन दुसऱ्यातून परत आलं की एक टर्न धरायचा. नवीन माणसाची मोजणी इथेच चुकते. केबलच्या बाजूला २ टर्न आणि तारेच्या बाजूला ६ टर्न घेतले, तर इम्पीडन्सचं (रेडिओ करंटला होणाऱ्या विरोधाचं) गुणोत्तर १:९ होतं. केबल डिशवाल्यांची आरजी ६ असली तरी चालते. ती ७५ ओहमची आहे म्हणून बिचकू नका, रिसीव्ह करताना तेवढ्याने काही बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मर शक्यतो वस्तीपासून २०-३० मीटर लांब ठेवा. घराकडच्या टोकाला केबलचे दहा-बारा वेढे मोठ्या फेराइट रिंगवर घेऊन चोक करा, म्हणजे केबलच्या बाहेरून येणारा कचरा अडेल. बाजारात केबलवर टचकन बसणारे फेराइटचे क्लिप मिळतात, त्यांतल्या एकट्यादुकट्याचा या फ्रिक्वेन्सीवर फारसा उपयोग नाही.

एक फुकटची चूक सांगून ठेवतो. पूर्वी टीव्हीच्या अँटेनावर ३०० ओहमवरून ७५वर आणणारा छोटा बलून, म्हणजे जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर, असायचा. भंगारातून मी मूठभर आणले आणि खुशीत एक लावला. ८० मीटरवर सगळं मेल्यासारखं. तो बलून टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी केलेला, त्यात एक-दोन टर्न असतात, आणि एवढ्या खाली त्याचं इंडक्टन्स पुरत नाही. कोर अनोळखी असेल तर आधी नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) बघा, मग शेतात जा.

हे सगळं नीट केल्यावर जी शांतता मिळते, तिचं श्रेय जमिनीला किती आणि नुसतं घरापासून लांब गेल्याला किती, असं कोणी विचारलं, तर मी प्रामाणिकपणे अर्ध्याहून जास्त लांब जाण्याला देईन. घरातल्या चार्जरचा त्रास अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. "जमिनीवरची तार नॉइज (खरखर) घेतच नाही" असं सरसकट विधान कोणी केलं तर मान डोलवू नका. घराच्या भिंतीलगत अंथरलेली तार भरपूर नॉइज घेते.

आता माती.

तार जमिनीवर असून ऐकते कशी, हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. दुरून येणारी, उभ्या ध्रुवीकरणाची (विद्युत क्षेत्र उभं असलेली) लाट जमिनीला घासत पुढे सरकते. जमीन खराब वाहक असेल तर लाटेचा खालचा भाग अडखळतो. गुडघाभर चिखलातून चालताना पाय मागे राहतात आणि छाती पुढे झुकते, अगदी तशी लाट पुढे कलते. कलली की तिच्या विद्युत क्षेत्राचा थोडा भाग आडवा होतो, आणि तो आडव्या तारेत करंट पाडतो. समुद्राच्या पाण्यासारख्या चांगल्या वाहकावर लाट जवळजवळ ताठ चालते, म्हणून तिथे ही युक्ती फिकी पडते. हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअरने याच तत्त्वावर लांब, बुटकी अँटेना बनवली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली अमेरिकेहून स्कॉटलंडला गेले, आर्ड्रॉसन गावात थंडीपावसात तंबू ठोकून बसले आणि अशाच लांब तारेवर त्यांनी अटलांटिकपलीकडचे हौशी ऐकले. त्यांची तार खांबांवर होती. आपण तीच खाली उतरवून मातीवर टाकतो आणि तिला बेव्हरेज ऑन ग्राउंड म्हणतो. खाली उतरवण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किती ते माती ठरवते.

मातीला चिकटलेल्या तारेत करंटचा वेग घटतो. मोकळ्या हवेतल्या वेगाच्या किती पट तो राहिला, त्याला आपण व्हेलॉसिटी फॅक्टर म्हणतो. कोरड्या मुरमावर ०.७च्या आसपास, मध्यम जमिनीवर ०.६ आणि ओल्या काळ्या रानात ०.५ किंवा खाली, असं धरून चाला. दोन माणसं एकदम निघाली असं समजा, एक डांबरी सडकेवरून आणि एक शेजारच्या नांगरटीतून. सडकेवरचा म्हणजे हवेतली लाट, ढेकळातला म्हणजे तारेतला करंट. थोडं अंतर दोघं एकमेकांना साथ देतात. पुढे ढेकळातला मागे पडत जातो. तो अर्ध्या तरंगाने मागे पडला की त्यापुढची तार आधीच्या तारेने कमावलेलं खोडायला लागते.

हे अंतर काढायची रीत सोपी आहे. अर्धी तरंगलांबी घ्या, तिला व्हेलॉसिटी फॅक्टरने गुणा, आणि एकातून तो फॅक्टर वजा करून जे उरेल त्याने भागा. ७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ ४३ मीटर, अर्धी साडेएकवीस. फॅक्टर ०.७ असेल तर उत्तर येतं ५० मीटर. ०.६ असेल तर ३२. ०.५ असेल तर साडेएकवीस. पुन्हा वाचा: एकच बँड, एकच तार, आणि नुसत्या मातीमुळे कामाची लांबी निम्म्याहून कमी. तुम्ही काळ्या रानात ५० मीटर टाकली. तिचा शेवटचा अर्धा भाग पहिल्या अर्ध्याच्या विरोधात भांडत होता. इंटरनेटवर कुणा परदेशी माणसाने वाळूवर किंवा खडकाळ कुरणात मोजून दिलेली लांबी आपण तशीच उचलतो, तिथे फसतो.

तुमचा फॅक्टर तुम्हीच मोजा. तारेचं दूरचं टोक मोकळं सोडा. जवळच्या टोकाला एक सळई ठोका आणि नॅनोव्हीएनए तार व सळई यांच्यामध्ये लावा. ५० मीटरची तार हवेत असती तर पाव तरंगाचा अनुनाद ७५ भागिले ५०, म्हणजे १.५ मेगाहर्ट्झला आला असता. जमिनीवर तो ०.९ ला सापडला, तर फॅक्टर ०.६. हवेतल्या अँटेनासारखी खोल दरी दिसणार नाही, माती सगळं बोथट करते. रिअॅक्टन्स शून्यातून कुठे जातो ते बघा. आणि हे मोजताना तार खरंच मातीला टेकलेली हवी. ज्वारी काढल्यावर धसकटं राहतात ना, त्यांवर तार वितभर उचलली गेली तरी आकडा चांगलाच बदलतो. मी तारेचे इंग्रजी यू आकाराचे आकडे करून दर दीड-दोन मीटरवर दाबतो.

सोलापूरची गंमत अशी, की दोन बांधांच्या आत माती बदलते. वर काळी, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. काळी कुठे हातभर, कुठे पुरुषभर. या फ्रिक्वेन्सीच्या लाटा मातीत मीटर-दोन मीटर, कोरड्यात त्याहून खोल उतरतात. त्यामुळे वरची माती काळी दिसली तरी फूट-दीड फुटावर मुरूम असेल, तर लाटेला मुख्यतः मुरूमच जाणवतो. नान्नजकडे आमच्या साडूंचं रान आहे. तिथे मी एकदा सकाळी तार टाकत होतो, तेव्हा गडी येऊन उभा राहिला. "काय पुरताय जी? पाइपलाइन हाय व्हय?" म्हटलं, पाणी नाही, यातून आवाज येतो. त्याने तार उचलून कानाला लावली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता कुदळ घेऊन माळाच्या बाजूला चालू लागला. "मग हिकडं टाका. हितं खालनं मुरूमच हाय, वलबी धरत न्हाई." त्याला रेडिओतलं काही कळत नव्हतं, पण जागा त्याने माझ्यापेक्षा बरोबर काढली. खालच्या काळ्या पट्टीत जे युरोपचे सिग्नल जेमतेम लागत होते, ते त्या माळावर दोन बोटं वर आले.

म्हणून मोहोळला तुमच्याकडे बांधाच्या कडेला किंवा पडीक माळ असेल तर पहिला प्रयोग तिथे. चांगली काळी रब्बीच्या ज्वारीला राहू द्या.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? लांब तार टाकलीच नसती. तुम्हाला ऐकायची आहे पुण्या-मुंबईची सकाळची मंडळी. पुणे सोलापूरहून अडीचशे किलोमीटर. तिथला सिग्नल आयनांबरावरून (रेडिओ लाटा परतवणाऱ्या हवेच्या वरच्या थरावरून) उलटून तुमच्यावर जवळजवळ डोक्यावरून पडतो, साठ-पासष्ट अंशांतून. जमिनीला घासत येणाऱ्या लाटेसाठी केलेली लांब तार त्याच्यासाठी गैरसोयीची. ती वायव्येला ताणून युरोपसाठी ठेवा, रात्रीच्या आणि पहाटेच्या वेळी. जवळच्या लोकांसाठी जमिनीवरचा लूप करा.

लूप म्हणजे जमिनीवर टाकलेला तारेचा चौकोन. प्रत्येक बाजू साडेचार मीटर, एकूण १८. एका कोपऱ्यात तार तोडून दोन्ही टोकं त्याच १:९ ट्रान्सफॉर्मरला द्यायची. झालं. घरगुती वायरिंगची ९० मीटरची कॉइल येते, तिच्यात असे पाच चौकोन निघतात, म्हणजे तीन वेळा उंदरांनी खाल्ला तरी दोन उरतात. १ चौरस मिलीमीटर पीव्हीसी फ्लेक्स पुरते. जाड तारेने काही मिळत नाही, पण उघडी तार नको, तिचं मातीशीच शॉर्ट होतं. एवढा चौकोन ८० आणि ४० मीटरवर चांगला चालतो. १६० वर सिग्नल बारीक होतो, प्रीअँप लागतो. २० मीटरला चौकोन निम्मा करून बघा.

आपल्याकडे लूप मला जास्त आवडतो त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते पुन्हा मातीचंच. बेव्हरेजला दोन्ही टोकांना अर्थिंग लागतं. दूरच्या टोकाला साधारण २०० ते ३०० ओहमचा साधा कार्बन रेझिस्टर लावून तो सळईला दिला, तर तार त्या टोकाच्या दिशेने ऐकते. रेझिस्टर नसेल तर दोन्हीकडून. मार्चपर्यंत हे छान चालतं. पुढे काळ्या रानाला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या. एका उन्हाळ्यात माझी सळई बरोबर भेगेत उभी होती, चारी बाजूंनी मोकळी. बोटाने हलवली तर घंटेच्या लोलकासारखी डुलली. मी तोवर पंधरा दिवस रेझिस्टर बदलत बसलो होतो. अर्थिंगला पाणी घालायची आपल्याकडे सवय आहेच, पण शेताच्या दुसऱ्या टोकाला रोज घागर घेऊन कोण जाणार? लूपला अर्थिंग लागतच नाही.

जागा निवडताना मातीशिवाय आणखी दोन-तीन गोष्टींकडे बघा. द्राक्षबागेपासून लांब राहा. मांडवाच्या तारा म्हणजे एकराएकराची लोखंडी जाळी, ती नॉइज गोळा करून तुमच्या चौकोनावर ओतते. साडूंच्याच बागेला लागून मी पहिला लूप टाकला होता, आठवडा वाया गेला. शेजारी सौर पंप असेल तर त्याचा कंट्रोलर उन्हं वर आली की शीळ घालू लागतो आणि सूर्य कलला की थांबतो. म्हणजे तुमच्या सकाळच्या गप्पांच्या वेळेला तो नेमका हजर. विजेच्या तारांच्या खाली किंवा समांतर काही टाकू नका. ११ केव्हीच्या लाइनवर सैल पिन किंवा तडकलेला इन्सुलेटर असेल तर तो कोरड्या हवेत, वाऱ्यात जास्त तडतडतो आणि पाऊस पडला की बरेचदा गप्प होतो. मोठ्या पारेषण वाहिन्यांचा कोरोना (तारेभोवतीच्या हवेत होणारा विजेचा बारीक विसर्ग) उलट, ओल्या हवेत वाढतो. आपल्या जिल्ह्यात अशा वाहिन्यांची कमी नाही. २०१३च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं ते रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीनेच. कुठली खरखर कोरड्यात वाढते आणि कुठली ओल्यात, हे आठवडाभर वहीत लिहिलंत तर चोर निम्मा सापडतो.

या तारांवरून ट्रान्समिट करू नका, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण मला कोणीतरी सांगायला हवं होतं. रिगला (बोलायच्या-ऐकायच्या सेटला) वेगळं रिसीव्ह सॉकेट नव्हतं, म्हणून मी लूप थेट मुख्य सॉकेटला लावला. कोणीतरी ओळखीचं बोलावत होतं, हात सवयीने माइकवर गेला. टिचभर कोरमध्ये ५० वॉट! दोन शब्दांत कोर तडकला आणि वास सुटला. रिग वाचला हे नशीब. तेव्हापासून ऐकायला स्वतंत्र छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर, आणि माइकचा प्लग काढून खिशात.

तुलना कशी करायची यावर थोडं थांबतो, कारण तुमचं "जरा स्वच्छ, पण मंद" हे वर्णन एका सकाळचं आहे आणि एक सकाळ काहीच सांगत नाही. ४० मीटरवर सिग्नल मिनिटामिनिटाला वर-खाली होतो. पाच मिनिटं एक अँटेना आणि मग पाच मिनिटं दुसरी ऐकलीत, तर तुम्ही आयनांबराची तुलना केलीत, अँटेनांची नाही. साधा दोन बाजूंचा स्विच लावा आणि एकाच स्टेशनवर वीस-पंचवीस वेळा झटपट इकडून तिकडे करा. डोळे मिटून करा, मीटर दिसायला नको. दर वेळी एकच विचारा: शब्द कुठे जास्त कळले? आकडे हवे असतील तर ७.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ ही संगणकावरची डिजिटल पद्धत ऐका. त्याची पाळी १५ सेकंदांची, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक सिग्नलचं नॉइजशी अंतर डेसिबलमध्ये लिहून देतं. ते एस मीटरने द्यायला हवं होतं आणि देत नाही. दोन रिसीव्हर एकाच वेळी दोन अँटेनांवर चालवता आले तर उत्तम. शेत आणि घर यांची तुलना करायची तर तोच एक मार्ग. एक रिसीव्हर तुम्ही शेतात लावा, एक मित्र घरी बसवा, दोघांची घड्याळं मोबाइलवरून मिळवा. २० मीटरवर प्रयोग करायचा झाला तर १४.१०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय बीकनांची (ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणाऱ्या केंद्रांची) माळ लागते. त्यात श्रीलंकेचं ४एस७बी आहे. ही बीकनं आळीपाळीने दर तीन मिनिटांनी येतात आणि प्रत्येक जण १०० वॉटपासून पायरीपायरीने ०.१ वॉटपर्यंत उतरतो. कितव्या पायरीपर्यंत ऐकू आलं हे मोजायला मीटर लागत नाही.

हंगामाचं म्हणाल तर हे खेळ दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आसपास आवरा. रात्री लांब, आकाशात विजा कमी, आणि जमीन हळूहळू सुकत जाते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी व्हेलॉसिटी फॅक्टर मोजलात तर तो सरकताना दिसेल. वळवाचे ढग दिसले की केबल घराबाहेरच काढून टाका. तार जमिनीवर आहे म्हणून वीज तिला ओळखत नाही असं नाही. जवळपास कुठेही पडली तरी लांब तारेत जो झटका येतो तो रिसीव्हरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला पुरतो. जून ते सप्टेंबर मी जमिनीवर काहीच ठेवत नाही. काळ्या चिखलात सिग्नल बसतो, विजांच्या कडकडाटाने बँड भरलेला असतो, आणि तार चिखलात कुठे गेली ते सापडत नाही. परतीचा पाऊस गेला की पेरणीची गडबड, तेव्हा तर नकोच. साडूंच्या मुलाने एकदा न विचारता रोटाव्हेटर फिरवला. लूप मला बोटबोट लांबीच्या तुकड्यांत परत मिळाला. त्याचं म्हणणं, "काका, निळी वायर होती, मला वाटलं ठिबकची नळी."

राहता राहिला तुमचा फ्लॅट. गच्चीच्या स्लॅबवर लूप टाकून बघितलाय का कोणी, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मी बघितलाय. स्लॅब म्हणजे जमीन नाही. ती सळयांची जाळी आहे, आणि तिच्या खाली पंधरा-वीस घरांची वायरिंग. लिफ्ट चालू झाली की मला तळमजला, पहिला, दुसरा असं मजल्यानुसार ऐकू येत होतं. पेव्हर ब्लॉक घातलेल्या पार्किंगमध्येही जवळपास तेच. सोसायटीच्या मागे कंपाउंडलगत मातीची मोकळी पट्टी असेल आणि लूपचा ट्रान्सफॉर्मर घरापासून १५ मीटर तरी लांब ठेवता येत असेल, तर एक चौकोन टाकून बघा. त्याआधी एका संध्याकाळी रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि घरातला मेन स्विच बंद करा. खरखर एस ८ वरून एस ३ वर आली, तर तुमचा शत्रू तुमच्याच घरात आहे, आणि तो बहुधा एखादा पन्नास-साठ रुपयांचा चार्जर किंवा एलईडी बल्ब निघेल. एकेक एमसीबी वर करत चला. नाही उतरली, तर शेजारी, लिफ्ट किंवा रस्त्यावरची लाइन. शहराच्या पूर्वेकडे यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांना मी हे करायलाही सांगत नाही, त्यांनी थेट शेत गाठावं.

तर आत्ता काम एवढंच. अर्थिंगचा जोड काढा, ट्रान्सफॉर्मर घाला, वस्तीपासून २५ मीटरवर १८ मीटरचा चौकोन टाका. ५० मीटरची तार गुंडाळून ठेवा, ती डिसेंबरात वायव्येच्या बेव्हरेजला लागेल, फॅक्टर मोजून मग कापू. आणि परत लिहाल तेव्हा मीटरचे आकडे नकोत. टिकावाने एक खड्डा खणा आणि मुरूम किती फुटांवर लागला ते कळवा.